न्यूयॉर्कला कर भरला, तरी न्यू जर्सीची नोटीस: दुसऱ्या राज्याचं क्रेडिट अडकतं तेव्हा काय काय तपासावं

एडिसन, जर्सी सिटी किंवा प्लेन्सबरोत घर आणि मॅनहॅटनमध्ये नोकरी, असं असलेल्या आपल्या मराठी मंडळींचे राज्याचे रिटर्न मी दर वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बघतो. उन्हाळ्यात त्यातल्याच काहींच्या, आणि ज्यांनी दाखवलं नव्हतं अशांच्याही, नोटिसा बघायला येतात. बिघाड जवळजवळ नेहमी एकच असतो. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्यापोटी न्यू जर्सीच्या करात मिळणारी सूट, न्यू जर्सीच्या रिटर्नवर चुकीच्या आकड्याने मागितलेलं असतं. कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक घरबसल्या सापडतात. खाली ती ज्या क्रमाने मी तपासतो त्याच क्रमाने दिली आहेत: फुकट आणि पाच मिनिटांत होणारं आधी, डोकं आणि पैसा लागणारं शेवटी.

लक्षणं

- एनजे-१०४० वर, म्हणजे न्यू जर्सीच्या रिटर्नवर, तुमचा पगार खऱ्या पगाराच्या जवळपास दुप्पट दिसतो.
- सॉफ्टवेअर क्रेडिट शून्य दाखवतं, किंवा अगदीच किरकोळ.
- भरताना न्यू जर्सीला काही देणं निघालं नव्हतं, आणि काही महिन्यांनी पत्र येतं की क्रेडिट कमी केलं आहे, फरक व्याजासकट भरा.
- न्यूयॉर्कच्या रिटर्नची प्रत पाठवा, असं पत्र येतं.
- मालमत्ता कराची वजावट टाकली तरी देणं एका डॉलरनेही हलत नाही.
- न्यूयॉर्कचा कर जास्त बसूनही न्यू जर्सीला दीड-दोन हजार निघतात.

शेवटची दोन लक्षणं कित्येकदा बिघाडच नसतात. ते का, हे कळायला क्रेडिटचा हिशोब माहीत हवा.

न्यू जर्सीचा रहिवासी जगात कुठेही कमावो, त्याच्या सगळ्या उत्पन्नावर न्यू जर्सी कर लावते. न्यूयॉर्क तुमच्याकडून फक्त न्यूयॉर्कमध्ये कमावलेल्या उत्पन्नावर घेतं, आणि त्यासाठी आयटी-२०३ हा अनिवासींचा फॉर्म आहे. एकाच पगारावर दोनदा कर बसू नये म्हणून न्यू जर्सी क्रेडिट देते, पण दोनपैकी जी रक्कम लहान असेल तेवढंच. एक रक्कम म्हणजे न्यूयॉर्कला प्रत्यक्ष लागू झालेला कर. दुसरी म्हणजे त्याच उत्पन्नावर न्यू जर्सीने जेवढा कर लावला असता तो. हे गणित एनजे-सीओजे नावाच्या शेड्यूलवर होतं. न्यूयॉर्कचा दर जास्त म्हणून वरचा फरक न्यू जर्सी परत करत नाही, आणि न्यूयॉर्कने कर न लावलेल्या उत्पन्नावर काही सोडतही नाही.

१. डब्ल्यू-२ चा तळ बघा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद हातात घ्या. डब्ल्यू-२ म्हणजे कंपनी वर्षाअखेरीस देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. त्याच्या तळाशी १५ ते २० क्रमांकाचे चौकोन असतात: राज्य, राज्याचा पगार, राज्याने कापलेला कर आणि स्थानिक कर. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या न्यू जर्सीकराच्या डब्ल्यू-२ वर तिथे सहसा दोन ओळी असतात. वर एनवाय, खाली एनजे. दोन्हींच्या १६ व्या चौकोनात जवळपास सारखाच मोठा आकडा. हे दोन पगार नाहीत. एकच पगार दोन राज्यांच्या चष्म्यातून दोनदा लिहिलेला आहे.

काही सॉफ्टवेअर दोन्ही आकड्यांची बेरीज करून एनजे-१०४० च्या पगाराच्या ओळीत टाकतात. उत्पन्न दुप्पट, कर दुपटीहून जास्त, आणि क्रेडिटचं प्रमाण निम्मं. त्या ओळीत एनजेच्या ओळीचा १६ वा चौकोन यायला हवा, आणि तुमच्या जोडीदाराची नोकरी असेल तर त्यांचाही. आकडा जुळत नसेल तर पुढचं काहीही तपासू नका, आधी हेच दुरुस्त करा.

कधी डब्ल्यू-२ वर एनजेची ओळच नसते. तेव्हा पगार न्यू जर्सीला दाखवायचा नाही असं समजू नका. न्यू जर्सीच्या नियमांनी तो काढून दाखवावा लागतो. त्याबद्दल चौथ्या तपासणीत.

२. कापलेला कर टाकलाय की लागू झालेला?

सगळ्यात जास्त नोटिसा या एका चुकीमुळे येतात. १७ व्या चौकोनात न्यूयॉर्कने वर्षभरात पगारातून कापलेली रक्कम असते, आणि लोक तीच क्रेडिटसाठी टाकतात. पण कापणं म्हणजे फक्त उचल. खरा कर आयटी-२०३ भरल्यावर ठरतो. समजा पगारातून ६,००० डॉलर कापले, आयटी-२०३ वर कर ५,२०० निघाला आणि ८०० रिफंड आले. न्यू जर्सीच्या लेखी तुम्ही न्यूयॉर्कला दिले ५,२००. ते ८०० न्यूयॉर्ककडून परत घ्यायचे आणि पुन्हा न्यू जर्सीकडून क्रेडिट म्हणूनही मागायचे, हे चालणार नाही.

म्हणून आयटी-२०३ वर एकूण कराची ओळ शोधा, न्यूयॉर्कची क्रेडिट वजा झाल्यानंतरची. पगारातून कापलेल्या कराची ओळ त्यानंतर येते, तिच्याकडे बघू नका. ओळींचे क्रमांक वर्षागणिक सरकतात, तेव्हा नावाने शोधा. उशिराचा दंड किंवा व्याज न्यूयॉर्कला भरलं असेल तर तेही कर म्हणून धरायचं नाही.

३. आधी न्यूयॉर्क, मग न्यू जर्सी

दुसऱ्या तपासणीतला आकडा आयटी-२०३ पूर्ण झाल्याशिवाय मिळतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये न्यू जर्सी आधी भरलं तर क्रेडिट शून्य राहतं, किंवा अर्धवट आकड्यावर अडकून बसतं आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये बदल केला तरी अपडेट होत नाही. एनजे-सीओजे काढून टाका, न्यूयॉर्क शेवटपर्यंत पुरं करा आणि मग शेड्यूल नव्याने जोडा. दोन मिनिटांचं काम आहे. शून्य क्रेडिटचं लक्षण यानेच बहुतेकदा जातं.

४. अपूर्णांकाचे दोन्ही आकडे

इथे निवांत बसा, कारण नोटिशीतले दोनशे-तीनशे डॉलर सहसा इथलेच असतात.

न्यू जर्सीची मर्यादा अशी निघते: दोन्ही राज्यांनी कर लावलेलं उत्पन्न, भागिले न्यू जर्सीचं एकूण उत्पन्न, गुणिले न्यू जर्सीचा कर. अंश आणि छेद, दोन्ही जागी लोक चुकतात.

मूळ अडचण ही की दोन राज्यांची पगाराची व्याख्या वेगळी आहे. न्यूयॉर्कचा १६ वा चौकोन साधारणपणे फेडरल पगाराएवढाच, म्हणजे पहिल्या चौकोनाएवढा असतो. न्यू जर्सी ४०१(के) या निवृत्ती खात्यातली रक्कम पगारातून वगळते, पण कॅफेटेरिया प्लॅनमधून (कंपनीच्या करपूर्व सुविधांच्या योजनेतून) करपूर्व कापलेला आरोग्य विम्याचा हप्ता वगळत नाही. एचएसए (औषधोपचारांसाठीचं करसवलतीचं बचत खातं) न्यू जर्सी मानतच नाही, तुमचाही नाही आणि कंपनीने टाकलेलाही नाही. ४०३(बी) या शाळा-रुग्णालयांसारख्या संस्थांतल्या निवृत्ती खात्याचंही तसंच. त्यामुळे एनजेचा पगार एनवायपेक्षा काही हजारांनी जास्त असणं अगदी बरोबर आहे. दोन आकडे वेगळे बघून घाबरलेले लोक ते सारखे करून टाकतात, आणि मग दोन्ही रिटर्न बिघडतात.

एक उदाहरण, हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून. नवरा मॅनहॅटनमध्ये नोकरीला, एनवायचा पगार १,००,०००. विमा आणि एचएसए धरून एनजेचा पगार १,०६,०००. बायको प्रिन्स्टनला अर्धवेळ काम करते, तिचे ३४,०००. बँक आणि शेअर मिळून व्याज-लाभांश १०,०००. न्यू जर्सीचं एकूण उत्पन्न १,५०,००० आणि त्यावरचा कर ५,४०० धरू. न्यूयॉर्कचा कर ४,६००.

अंशात १,००,००० येतील, कारण दोन्ही राज्यांनी कर लावलेली रक्कम तेवढीच आहे. विमा आणि एचएसएच्या ६,००० वर न्यूयॉर्कने कर घेतलेलाच नाही. दोन तृतीयांश गुणिले ५,४०० म्हणजे ३,६००. न्यूयॉर्कचे ४,६०० त्याहून मोठे, म्हणून क्रेडिट ३,६००. न्यू जर्सीला उरलेले १,८०० द्यावेच लागतात. ते बायकोच्या पगारावरचे, व्याज-लाभांशावरचे आणि त्या ६,००० वरचे आहेत. वर लिहिलेलं शेवटचं लक्षण ते हेच. यात बिघाड काही नाही.

आता अंशात चुकून १,०६,००० टाकले तर क्रेडिट ३,८१६ होतं. म्हणजे २१६ जास्त. वर्षभरानंतर येणाऱ्या पत्रात असाच छोटा, तुटक आकडा दिसला की मी सरळ अंशाकडे जातो.

छेदात होणारी चूक उलटी असते. जोडीदाराचं उत्पन्न किंवा व्याज विसरलेलं असतं, त्यामुळे प्रमाण फुगतं. एकत्र रिटर्न असेल तर छेद दोघांचा. आणि अंशातून न्यूयॉर्कची स्टँडर्ड डिडक्शन वजा करून टाकू नका. दोन्ही बाजूंचं उत्पन्न वजावटीच्या आधीचं घ्यायचं असतं.

५. या करावर क्रेडिट मिळतं तरी का?

न्यू जर्सीच्या नियमात दुसरी हद्द म्हणजे अमेरिकेतलं दुसरं राज्य, त्यातलं शहर किंवा काउंटी, किंवा वॉशिंग्टन डीसी. परदेश नाही. आपल्या लोकांना हे सांगावंच लागतं. पुण्यातल्या एनआरओ ठेवीवर कापलेला टीडीएस, नाशिकचा प्लॉट विकल्यावर भारतात भरलेला भांडवली नफ्यावरचा कर, यांचं क्रेडिट फेडरल रिटर्नवर फॉर्म १११६ मधून मिळू शकतं. न्यू जर्सीत शून्य. उत्पन्न मात्र न्यू जर्सीला दाखवावं लागतं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे नाही. फेडरलच्या सवयीने टीडीएस एनजे-सीओजेवर टाकलेला मी पाहिला आहे. तो लगेच काढा.

पेनसिल्व्हेनियाचं प्रकरण वेगळं आहे. दोन राज्यांत करार आहे. न्यू जर्सीच्या रहिवाशाच्या पगारावर पेनसिल्व्हेनिया राज्याचा कर लागत नाही. कंपनीने तरीही कापला तर न्यू जर्सीकडे क्रेडिट मागायचं नाही. पेनसिल्व्हेनियाचा पीए-४० भरून पैसे परत घ्यायचे, आणि कंपनीला आरईव्ही-४१९ हा फॉर्म देऊन पुढची कपात थांबवायची. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा शहराचा कर) या करारात येत नाही, त्यामुळे त्याचं क्रेडिट न्यू जर्सीत मिळतं. चेरी हिल भागातले कित्येक जण ते मागायचंच विसरतात. करार फक्त पगारापुरता आहे, धंद्याच्या उत्पन्नाला लागू नाही.

न्यूयॉर्क शहराचा आयकर फक्त तिथे राहणाऱ्यांना लागतो. तुम्ही वर्षभर न्यू जर्सीत राहिलात आणि तरीही १९ व्या चौकोनात शहराचा कर कापलेला दिसला, तर तो आयटी-२०३ वर परत मागा, न्यू जर्सीकडे नाही. यॉन्कर्समध्ये काम करणाऱ्या अनिवासींना मात्र तिथला वेगळा कर लागतो.

६. घरपट्टी, घरभाडं आणि औषधपाणी

मालमत्ता करासाठी दोन पर्याय असतात: १५,००० डॉलरपर्यंत वजावट किंवा सरळ ५० डॉलरचं क्रेडिट. भाड्याने राहत असाल तर वर्षभराच्या भाड्याचे १८ टक्के मालमत्ता कर म्हणून धरता येतात. पण राहती इमारत मालमत्ता कर भरणारी हवी. जर्सी सिटीत करसवलतीच्या कराराखाली बांधलेले कितीतरी टॉवर आहेत, जे कराऐवजी शहराला ठराविक रक्कम देतात. तिथल्या भाडेकरूला हा लाभ मिळत नाही. टाकण्याआधी लीझिंग ऑफिसला विचारा, फुकट उत्तर मिळतं.

आता वजावट टाकून देणं हलत का नाही ते. तुमचं सगळं उत्पन्न न्यूयॉर्कच्या पगाराचंच असेल तर न्यू जर्सीचा कर क्रेडिटनेच जवळपास संपतो. वजावटीने न्यू जर्सीचा कर कमी झाला की क्रेडिटची मर्यादाही तेवढीच खाली येते आणि हातात काही पडत नाही. अशा वेळी ५० डॉलरचं क्रेडिट घ्या, ते परत मिळणारं आहे. वरच्या उदाहरणातल्या जोडप्याने १२,००० घरपट्टी भरली असेल तर कर ६६३ ने घटतो, त्यातला एक तृतीयांश, म्हणजे २२१, त्यांच्या खिशात राहतो. त्यांना वजावट फायद्याची. एनजे-सीओजेवर वजावटीसह आणि वजावटीविना असे दोन स्तंभ याच तुलनेसाठी दिलेले आहेत. दोन्ही भरा.

वैद्यकीय खर्चाची मर्यादा न्यू जर्सीत उत्पन्नाच्या फक्त २ टक्के आहे. फेडरलची साडेसात टक्के. विम्याचा जो हप्ता न्यू जर्सीने पगारात धरला, तो इथे खर्चात धरता येतो. दातांची मोठी कामं झालेल्या वर्षी हे जरूर बघा.

७. घरून केलेले दिवस

पहिल्या सहा तपासण्यांत काही सापडलं नाही तर इकडे या. कंपनीचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये आणि तुम्ही आठवड्यातले तीन दिवस एडिसनहून काम करता. ते दिवस न्यूयॉर्कचे नाहीत असं समजून आयटी-२०३-बी या आयटी-२०३ च्या जोडपत्रावर ते वजा केले जातात. न्यूयॉर्कचा नियम असा की तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. वजा करायचा तर ते काम तिथे बसून करणं कंपनीची गरज होती, हे दाखवावं लागतं. कनेटिकटमध्ये राहून न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की यांनी या नियमाला आव्हान दिलं होतं आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सगळ्यात वरच्या न्यायालयात, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्समध्ये, ते हरले. २०२३ मध्ये न्यू जर्सीने, असा नियम चालवणाऱ्या राज्यांतल्या लोकांना तोच नियम उलटा लावणारा कायदा केला, पण त्याने न्यूयॉर्कचा नियम बदललेला नाही.

हे का तपासायचं? न्यूयॉर्कने ते दिवस परत जोडले तर न्यूयॉर्कचा कर वाढतो, अंश वाढतो, आणि न्यू जर्सीकडे तुम्ही कमी क्रेडिट मागितलेलं असतं. मग न्यूयॉर्कचं पत्र निकाली निघाल्यावर एनजे-१०४०एक्स हे दुरुस्त रिटर्न भरून वाढलेलं क्रेडिट मागावं लागतं. रिफंड मागायची मुदत साधारण तीन वर्षं आहे. न्यूयॉर्कचे पैसे भरून गप्प बसणाऱ्यांचं इथे नुकसान होतं.

कंपनीचं खरंखुरं ऑफिस न्यू जर्सीत असेल आणि तुम्ही तिथे जात असाल, तर ते दिवस मात्र वजा होतात. तारखांची नोंद ठेवा. कॅलेंडर, बॅज, ट्रेनचे पास.

नोटीस आलीच असेल तर

पैसे आधी भरू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. पत्रात कोणती ओळ बदलली ते शोधा आणि वरच्या तपासण्यांपैकी ती कुठे बसते ते बघा. नुसती प्रत मागितली असेल तर आयटी-२०३ ची सगळी पानं, डब्ल्यू-२ आणि एनजे-सीओजे एकत्र पाठवा. पहिलं पानच पाठवल्याने प्रकरण आणखी दोन महिने लांबतं. चूक तुमची असेल तर फरक भरून मोकळे व्हा, व्याज रोज वाढतं. चूक तुमची नसेल तर लेखी हरकत घ्यायला पत्राच्या तारखेपासून ९० दिवस असतात. तारीख पत्रावरची धरायची, तुम्ही पाकीट उघडलं त्या दिवसाची नाही.

इथे थांबा आणि सीपीए किंवा एनरोल्ड एजंटकडे (परवानाधारक करसल्लागाराकडे) जा

- त्या वर्षी तुम्ही न्यूयॉर्कमधून न्यू जर्सीत, किंवा उलट, घर बदललं.
- न्यूयॉर्कमध्ये तुमचा स्वतःचा फ्लॅट आहे आणि १८३ पेक्षा जास्त दिवस तुम्ही त्या राज्यात होता. न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासीच ठरवू शकतं, आणि मग सगळं गणित बदलतं.
- आरएसयू (कंपनीकडून टप्प्याटप्प्याने हातात येणारे शेअर) मिळाल्यापासून हातात येईपर्यंत तुम्ही दोन-तीन राज्यांत काम केलं.
- स्वतःचा धंदा, भागीदारी किंवा के-१ (अशा धंद्यातल्या तुमच्या वाट्याचा कर-कागद) आहे.
- भारतातली मालमत्ता त्याच वर्षी विकली आहे.
- घरून काम केलेल्या दिवसांवरून न्यूयॉर्कशी वाद घालायचा आहे.
- एकापेक्षा जास्त वर्षांची पत्रं आली आहेत, किंवा ९० दिवस संपत आले आहेत.

यातलं काहीही असेल तर सॉफ्टवेअरवर आकडे फिरवत बसू नका. जाताना दोन्ही राज्यांची पूर्ण रिटर्न, फेडरल रिटर्न आणि पत्र पाकिटासकट न्या. दोन राज्यांचं काम नियमित करता का, हे फोनवरच विचारून घ्या. प्रत्येक जण करत नाही.

पुढच्या वर्षासाठी

न्यूयॉर्कच्या कंपनीने न्यू जर्सीचा कर कापलाच नाही, तर उदाहरणातले १,८०० एप्रिलमध्ये एकदम द्यावे लागतात. न्यू जर्सीला ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं निघणार असेल तर वर्षभरात हप्त्यांनी भरणं अपेक्षित असतं, नाहीतर त्यावर व्याज लागतं. कंपनीला एनजे-डब्ल्यू४ देऊन थोडा कर कापायला सांगा, किंवा जोडीदाराच्या न्यू जर्सीतल्या पगारातून जास्तीचा कापून घ्या. दोन्ही जमत नसेल तर एनजे-१०४०-ईएसचे चार हप्ते राज्याच्या संकेतस्थळावरून भरता येतात. पहिला एप्रिलच्या मध्यावर असतो, म्हणजे या वर्षीचं रिटर्न भरायला बसाल त्याच सुमारास.